जुन्या व्हॅनचे इंजिन तापत असेल, तर दोष कसा शोधावा

गाडी तापते म्हटले की आपल्याकडे पहिला उपाय पाण्याची बाटली हा असतो. रेडिएटरमध्ये पाणी ओतायचे, काटा खाली आला की निघायचे, पुन्हा तापली की पुन्हा ओतायचे. असे दोन-तीन महिने चालते आणि मग एका दिवशी हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे झाकण म्हणजे हेड, यांच्यामधले सील) उडते, हेडला बेंड येतो आणि ज्या दोषावर काही शे रुपयांत भागले असते, त्यासाठी इंजिन उघडावे लागते. पाणी कमी होणे हा स्वतः दोष नव्हे, ते दोषाचे लक्षण आहे. पाणी कुठे गेले, किंवा पाणी असूनही उष्णता बाहेर का पडली नाही, हे क्रमाने शोधता येते. त्यासाठी बहुतेक वेळा साधे पाने, एक टॉर्च, एक थर्मामीटर आणि एक मोकळी सकाळ पुरते.

हे लिखाण मुख्यतः मारुती इको डोळ्यांसमोर ठेवून केले आहे, कारण २०१० साली बाजारात आलेली ही गाडी शाळेची व्हॅन, रुग्णवाहिका, मालवाहू गाडी आणि घरची गाडी अशा सगळ्या रूपांत महाराष्ट्रभर चालते आणि तिच्या पहिल्या काही वर्षांतल्या गाड्या आता खऱ्या अर्थाने जुन्या झाल्या आहेत. तिच्या आधीची व्हर्सा, किंवा १९८४ मध्ये आलेली, पुढे ओम्नी या नावाने २०१९ पर्यंत चाललेली तीन सिलिंडरची ७९६ सीसीची व्हॅन ज्यांच्याकडे आहे, त्यांनाही तपासणीचा हाच क्रम उपयोगी पडेल. सुट्या भागांच्या जागा मात्र आपल्या गाडीच्या पुस्तिकेत पाहून घ्याव्यात.

व्हॅनचे वेगळेपण कशात आहे

साध्या कारमध्ये इंजिन आणि रेडिएटर यांच्यात हातभर अंतर असते. इकोमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली आणि रेडिएटर गाडीच्या तोंडाशी असतो, त्यामुळे गरम पाणी पुढे नेणारे आणि थंड पाणी मागे आणणारे लांब पाइप गाडीच्या पोटाखालून जातात. या लांबीचे तीन परिणाम होतात. पहिला, सांधे जास्त, म्हणून गळतीच्या जागा जास्त. दुसरा, पाइपांवर दगड, चिखल आणि गतिरोधकाचा मार बसतो. तिसरा आणि सर्वात महत्त्वाचा, एकदा आत हवा शिरली की ती पाइपांच्या चढउतारात अडकून बसते आणि सहजासहजी निघत नाही. व्हॅनच्या बाबतीत निम्म्याहून अधिक घोळ या तिसऱ्या कारणापाशी येऊन थांबतात, असे माझे मत झाले आहे.

दुसरे वेगळेपण सुरक्षेचे आहे. इंजिन सीटखाली असल्यामुळे होज (रबरी नळी) फुटला तर वाफ थेट बसणाऱ्यांच्या पायाशी येते. म्हणून व्हॅन तापली की आधी माणसे, विशेषतः मुले, खाली उतरवावीत आणि मगच सीट उचलावी. हा क्रम उलटा करू नये.

रस्त्यात तापली तर त्या क्षणी काय करावे

काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकू लागला आणि अजून लाल पट्ट्यात गेलेला नसेल, तर एसी बंद करावा, हीटर असल्यास पूर्ण गरम आणि पूर्ण वेगावर लावावा आणि सुरक्षित जागा पाहून बाजूला थांबावे. हीटर हाही एक छोटा रेडिएटरच असतो, त्यामुळे उन्हाळ्यात तो असह्य वाटला तरी इंजिनातली उष्णता ओढून घेतो. वाफ नाही, पाणी सांडत नाही आणि पंखा फिरतो आहे, अशा स्थितीत इंजिन लगेच बंद न करता दोन-तीन मिनिटे आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) चालू दिले तर पाणी फिरत राहते आणि काटा खाली येऊ लागतो. तो खाली येत नसेल, लाल दिवा लागला असेल, वाफ दिसत असेल किंवा गोडसर वास येत असेल, तर मात्र इंजिन त्याच क्षणी बंद करावे. पाणी नसलेले इंजिन आयडलवर ठेवणे म्हणजे त्याला भाजणे होय.

काट्याविषयी एक धोक्याची सूचना. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरे सांगतो. पाणी पूर्ण उतरले तर तो हवेत लोंबकळतो आणि काटा अचानक खाली येतो. चढणीला वर गेलेला काटा एकाएकी पडला आणि इंजिनाची ओढ कमी झाली, तर गाडी थंड झाली असे समजू नये. ती सगळ्यात जास्त तापलेली असण्याची शक्यता आहे.

पाणी भरण्याच्या तोंडाचे गरम झाकण उघडू नये, हे सर्वांना ठाऊक असते आणि तरीही दरवर्षी हात आणि चेहरे भाजतात. त्यामागचे कारण समजून घेतले तर हात आपोआप मागे येतो. झाकणातली स्प्रिंग साधारण ०.९ किलो प्रतिचौरस सेंटिमीटर इतका दाब धरून ठेवते आणि त्या दाबाखाली साधे पाणीही ११८ अंश सेल्सियसच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण सैल करताच दाब जातो आणि ११० अंशांवरचे पाणी एका क्षणात वाफ होऊन वर उसळते. म्हणून किमान पाऊण तास थांबावे, वरचा होज हाताने दाबून पाहावा आणि तो मऊ लागला तरच जाड कापड धरून झाकण अर्ध्या फेऱ्यापर्यंत फिरवावे. तापलेल्या इंजिनावर किंवा रिकाम्या गरम इंजिनात थंड पाणी ओतू नये, कारण ॲल्युमिनियमचे हेड अचानक आकसून तडकू शकते.

कधी तापते, याची नोंद

पाना हातात घेण्यापूर्वी एक आठवडा गाडीत वही ठेवावी. गाडी कोणत्या स्थितीत तापते, हे नेमके लिहिले तर अर्धे निदान तिथेच होते.

गाडी सिग्नलला, टोलनाक्यावर किंवा शाळेच्या फाटकाशी उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर लागली की थंड होते, तर संशय पंख्यावर घ्यावा. चालत्या गाडीला वाऱ्याचा झोत मिळतो, उभ्या गाडीला फक्त पंखा मिळतो. याच्या उलट, गावात ठीक आणि महामार्गावर किंवा घाटात भार पडला की तापते, तर पाणी पुरेसे फिरत नाही किंवा रेडिएटर आतून चोंदला आहे असे समजावे. थंड इंजिन सुरू केल्यावर दहा मिनिटांतच काटा सरळ वर जातो, पण रेडिएटरला हात लावला तर तो थंडच असतो, तेव्हा थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) बंद अवस्थेत अडकलेला असतो किंवा हवा अडकलेली असते. काटा मिनिटामिनिटाला वरखाली नाचत असेल, तरीही हवा. गाडी चालताना नीट, पण बंद केल्यावर खळखळ आवाज येतो आणि खाली ओल दिसते, तर झाकण दाब धरत नाही. आणि एरवी सगळे ठीक असूनही पाणी दर आठवड्याला कमी होते, बाहेर मात्र एक थेंब दिसत नाही, तर गॅस्केटकडे लक्ष द्यावे.

सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत आणखी एक खूण मिळते आणि ती फार विश्वासार्ह आहे. सिलिंडरमधला गॅस दाब कमी होताना थंड पडतो, म्हणून गॅसच्या रिड्यूसरला इंजिनाच्या गरम पाण्याचे दोन छोटे होज जोडलेले असतात. इंजिन गरम असतानाही रिड्यूसर गार लागला, त्याच्यावर दव किंवा पांढरे बर्फ दिसले, तर गरम पाणी तिथवर पोहोचत नाही, म्हणजेच पाणी कमी आहे किंवा वाटेत हवा आहे.

पहिली तपासणी: थंड इंजिन, झाकण आणि पातळी

सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर ही तपासणी करावी. गाडी सपाट जागी लावावी, चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत, सीट उचलावी आणि झाकण काढून पाणी तोंडापर्यंत आहे का ते पाहावे. इथे एक चूक सर्रास होते. लोक फक्त बाजूच्या प्लॅस्टिकच्या बाटलीतली पातळी पाहतात, ती भरलेली दिसते आणि ते निश्चिंत होतात.

माझ्या स्वतःच्या २०१२ च्या गाडीने मला हे चांगलेच शिकवले. मे महिन्यात आम्ही सहा जण चिपळूणहून कऱ्हाडला निघालो होतो आणि कुंभार्ली घाट अर्धाही चढलो नव्हतो तेव्हा काटा वर गेला. बाटली काठोकाठ भरलेली होती. तासाभराने झाकण उघडले, तेव्हा आत बोट घातले तरी पाणी लागेना. त्याआधी ज्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली होती, तिथे रेडिएटर धुतला होता, थर्मोस्टॅट काढून टाकला होता आणि पंखा थेट जोडून दिला होता. झाकणाकडे मात्र कोणी पाहिले नव्हते. घरी आल्यावर ते झाकण उन्हात धरून खालची रबरी चकती नखाने वाकवली, तर तिच्या कडेला केसासारखी चीर उघडली आणि मधला छोटा पितळी वॉल्व पांढऱ्या क्षाराने जागच्या जागी चिकटलेला होता.

झाकणात दोन वॉल्व असतात. मोठा वॉल्व ठरलेल्या दाबापलीकडचे पाणी बाटलीत सोडतो, तर मधला छोटा वॉल्व इंजिन थंड होताना तेच पाणी बाटलीतून परत आत ओढू देतो. चीर पडल्यामुळे दाब टिकत नव्हता, पाणी लवकर उकळून बाटलीत जात होते आणि छोटा वॉल्व चिकटल्यामुळे ते परत येत नव्हते. बाटली भरत होती आणि इंजिन रिकामे होत होते. घाटात याचा त्रास अधिक होतो, कारण उंचीवर पाणी आधीच कमी तापमानाला उकळते. महाबळेश्वरच्या उंचीवर उघडे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळू लागते, म्हणजे जे झाकण कोकणात कसेबसे भागवते, ते घाटमाथ्यावर उघडे पडते.

म्हणून झाकणाची रबरी चकती, मधला वॉल्व आणि ज्या तोंडावर ते बसते त्याची कड, या तिन्ही गोष्टी नीट पाहाव्यात. बोटाने ओढल्यावर मधला वॉल्व हलून परत बसला पाहिजे. शंका आली तर झाकण बदलून टाकावे, मात्र त्यावर छापलेला दाबाचा आकडा जुन्या झाकणाइतकाच असल्याची खात्री करावी. जास्त दाबाचे झाकण लावले तर जुने होज आणि प्लॅस्टिकच्या टाक्या फुटतात. बाटलीकडे जाणारी बारीक नळी बुळबुळीत झालेली किंवा चिरलेली असेल तर तीही बदलावी. ती हवा ओढत असेल तर नवे झाकणही कामाचे नाही.

गळती शोधणे

गळती नेहमी थेंबाच्या रूपात दिसत नाही, कारण गरम भागावर पडलेले पाणी लगेच उडून जाते. मागे राहतो तो हिरवट, लालसर किंवा पांढरा डाग. टॉर्च घेऊन प्रत्येक क्लिपच्या कडेला, वॉटर पंपाच्या खाली, रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाक्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला दुमडून बसवलेल्या असतात त्या रेषेवर, रिड्यूसरच्या छोट्या होजवर आणि पोटाखालच्या लांब पाइपांच्या सांध्यांवर असा डाग शोधावा. पोटाखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबू नये, स्टँड लावावेत. हीटर असलेल्या गाडीत पुढच्या प्रवाशाच्या पायाखालचे मॅट ओलसर आणि चिकट लागते का, तेही पाहावे.

होज दाबून पाहण्यातही थोडे तंत्र आहे. चांगला होज दाबल्यावर रबरासारखा परत येतो. जुना होज एकतर लाकडासारखा कडक होतो किंवा क्लिपजवळ फुगून पिठासारखा मऊ होतो. दोन्ही प्रकार बदलण्याचेच. खालच्या होजकडे विशेष लक्ष द्यावे, कारण पंप त्यातून पाणी ओढतो. होज आतून सैल झाला असेल, तर एका माणसाने इंजिन वेगाने फिरवताच तो मधोमध चपटा होताना दिसतो. अशी गाडी आयडलवर कधीच तापत नाही, फक्त वेगावर तापते, आणि हा दोष उभ्या गाडीवर पाहणाऱ्याला महिनोन्‌महिने सापडत नाही.

वॉटर पंपाच्या अंगावर खालच्या बाजूला एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील गेले की पाणी बेअरिंगमध्ये न जाता त्या छिद्रातून बाहेर यावे, एवढ्याचसाठी ते असते. तिथे ओघळ दिसला तर ते छिद्र एम-सीलने बुजवू नये, पंप बदलावा. पट्टा काढून पुली हाताने हलवून पाहावी. किंचितही डगडग किंवा खरखर असेल तर पंपाचे आयुष्य संपले आहे. पट्टा परत लावताना तो दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने जोरात दाबल्यावर साधारण एक सेंटिमीटरपेक्षा कमी दबला पाहिजे. नेमके माप पुस्तिकेत असते.

पंखा

इंजिन सुरू करून एसी लावला की पंखा फिरू लागला पाहिजे. फिरला तर मोटार, फ्यूज आणि निदान एक मार्ग ठीक आहे असे कळते. मग एसी बंद करून गाडी उभ्या उभ्या गरम होऊ द्यावी आणि काटा मध्याच्या थोडा वर गेल्यावर पंखा आपोआप लागतो का ते पाहावे. एसीवर लागतो पण तापल्यावर लागत नाही, तर तापमानाचा सेन्सर, त्याची जोडणी किंवा त्या मार्गाचा रिले तपासावा. अजिबात लागत नसेल तर आधी फ्यूज पाहावा, मग रिलेच्या जागी तसाच दुसरा रिले लावून पाहावा आणि शेवटी मोटारीची जोडणी काढून तिला बॅटरीवरून फ्यूज घातलेल्या तारेने थेट वीज द्यावी. थेट दिल्यावर मोटार अडखळत सुरू झाली किंवा पात्याला हलका धक्का दिल्यावरच फिरली, तर तिचे ब्रश झिजले आहेत. हा धक्का काडीने द्यावा, बोटाने नव्हे. किल्ली चालू असताना पंखा कोणत्याही क्षणी लागू शकतो, म्हणून हात, ओढणी आणि टॉर्चची दोरी दूर ठेवावी.

पंखा दुरुस्त झाल्यावर तो उलटा तर फिरत नाही ना, हेही पाहावे. मोटार बदलताना तारा उलट जोडल्या गेल्याने पंखा वाऱ्याच्या विरुद्ध हवा फेकतो, हे मी दोन गाड्यांत पाहिले आहे. आणि पंखा थेट स्विचवर जोडून कायम चालू ठेवणे हा उपाय नव्हे. त्याने मोटार लवकर जाते आणि खरा दोष झाकला जातो.

थर्मोस्टॅट: काढून टाकू नये, तपासावा

"आपल्याकडच्या हवेला थर्मोस्टॅट लागतच नाही," हे वाक्य प्रत्येक वाहनमालकाने कधी ना कधी ऐकलेले असते. माझ्या मते जुन्या गाड्यांचे जितके नुकसान या समजुतीने केले आहे, तितके उन्हाने केलेले नाही. थर्मोस्टॅट नसला की इंजिन योग्य तापमानाला पोहोचायला फार वेळ लागतो, कॉम्प्युटर इंजिन थंड आहे असे समजून जादा पेट्रोल देत राहतो, ॲव्हरेज पडते आणि ऑइल लवकर खराब होते. शिवाय अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना रेडिएटर टाळून जाणारी आडवाट बंद करतो. तो काढला तर ती आडवाट कायम उघडी राहते, काही गरम पाणी रेडिएटरकडे न जाताच इंजिनात परत फिरते आणि भार पडल्यावर गाडी उलट अधिक तापू शकते.

तपासणी घरच्या शेगडीवर होते. जुन्या पातेल्यात पाणी घेऊन थर्मोस्टॅट दोऱ्याने अधांतरी टांगावा, तो तळाला टेकू देऊ नये, शेजारी थर्मामीटर धरावा आणि मंद आचेवर पाणी तापवावे. थर्मोस्टॅटवर कोरलेला आकडा, बहुधा ८२ किंवा ८८ अंश, जवळ आला की झडप हळूहळू उघडू लागते आणि त्यापुढे दहा ते पंधरा अंशांत पूर्ण उघडते. पूर्ण उघडल्यावर फट साधारण आठ मिलिमीटरची असते. झडप उघडलीच नाही, फार उशिरा उघडली किंवा थंड झाल्यावर पूर्ण मिटली नाही, तर नवा घ्यावा. बसवताना नवी गॅस्केट वापरावी आणि थर्मोस्टॅटच्या कडेला छोटे हलणारे छिद्र असल्यास ते वरच्या बाजूला ठेवावे, कारण हवा तिथूनच निसटते.

रेडिएटर

बाहेरून पाहताना एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यातली फट विसरू नये. कीटक, पिसे, वाळलेला चिखल आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे तुकडे तिथे जाऊन बसतात आणि पुढून पाहणाऱ्याला जाळी स्वच्छ दिसते. पाण्याचा साधा प्रवाह इंजिनाच्या बाजूकडून पुढच्या दिशेने सोडावा. सर्व्हिस सेंटरवरचा जोराचा फवारा जवळून मारला तर ॲल्युमिनियमची नाजूक जाळी आडवी होते आणि वाट कायमची बंद होते.

आतून चोंदलेला रेडिएटर ओळखण्यासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर उपयोगी पडतो. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर पंखा बंद असताना जाळीवर ओळीने माप घ्यावे. पाणी जिथून आत येते तिथून बाहेर जाते तिथवर तापमान हळूहळू उतरले पाहिजे. मध्येच एखादा पट्टा शेजारच्यापेक्षा खूपच थंड लागला, तर तिथल्या नळ्या बंद आहेत. बोअरच्या पाण्यावर वर्षानुवर्षे चाललेल्या गाडीत हे हमखास आढळते, कारण त्या पाण्यातला क्षार उष्णतेने नळ्यांच्या आत थर धरतो, अगदी घरच्या गिझरसारखा. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरचे तोंड उघडून कारागीर सळईने नळ्या साफ करत असत. प्लॅस्टिकच्या टाकीच्या ॲल्युमिनियम रेडिएटरला ते सहसा मानवत नाही, तो बदलणेच बरे. गळती बुजवणाऱ्या पावडरी तर टाळाव्यातच. त्या गळतीबरोबर हीटरच्या आणि रिड्यूसरच्या बारीक वाटाही बुजवतात.

गॅस्केटची शंका

इथवर काही सापडले नसेल, किंवा गाडी एकदा जोरात तापून गेली असेल, तर गॅस्केट तपासावी. सोपी चाचणी अशी: पूर्ण थंड इंजिनात पाणी तोंडापर्यंत भरून झाकण लावावे, इंजिन सुरू करावे आणि वरचा होज हातात धरावा. पाणी अजून कोमटही झालेले नसताना मिनिटा-दोन मिनिटांत होज टणक झाला, तर इंजिनाच्या सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आहे. झाकण न लावता चालवल्यास सतत, न थांबणारे बुडबुडे दिसतात. सुरुवातीचे थोडे बुडबुडे अडकलेल्या हवेचेही असू शकतात, म्हणून घाईने निष्कर्ष काढू नये. काही गॅरेजांत निळ्या द्रवाची चाचणी मिळते. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढली आणि निळा रंग पिवळसर झाला, तर शंका उरत नाही. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर आणि इतरांपेक्षा एकच स्पार्क प्लग धुतल्यासारखा स्वच्छ, याही खुणा आहेत. पावसाळ्यात फक्त छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या झाकणाखाली थोडा फेस ओलाव्यानेही येतो.

हेड उतरवावे लागलेच, तर ते केवळ नवी गॅस्केट घालून परत बसवू देऊ नये. सरळ पट्टी आणि फीलर गेज (बारीक फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या) लावून हेड आपल्यासमोर मोजून घ्यावे. सुझुकीच्या या वर्गातल्या इंजिनांत ०.०५ मिलिमीटरहून अधिक वाक चालत नाही. वाक असेल तर फेसिंग, म्हणजे हेडची खालची बाजू घासून सपाट, करावे लागते आणि बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच आवळावे लागतात.

पाणी भरणे आणि हवा काढणे

दोष दुरुस्त झाला तरी हे काम नीट झाले नाही, तर गाडी दुसऱ्याच दिवशी पुन्हा तापते आणि मग चांगल्या भागांवर संशय घेतला जातो. त्यामुळे इथे वेळ द्यावा.

भरण्यासाठी कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी समप्रमाणात घ्यावे. बाजारात तयार मिश्रणही मिळते, त्यात आणखी पाणी घालू नये. कूलंट आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून नको, असे नाही. तो उकळबिंदू वाढवतो आणि त्यातली द्रव्ये ॲल्युमिनियम, पंप व लोखंडी पाइप गंजू देत नाहीत. मात्र निव्वळ कूलंटही भरू नये, कारण उष्णता वाहून नेण्यात पाणी त्याच्याहून सरस आहे. वेगवेगळ्या प्रकारचे कूलंट मिसळू नयेत. जुने काय भरले होते ते माहीत नसेल तर सगळे काढून, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुऊन मग नवे भरावे. कूलंट विषारी आणि चवीला गोड असतो, म्हणून काढलेला द्रव उघड्या घमेल्यात ठेवू नये आणि गटारात सोडू नये. कुत्री-मांजरे तो पितात आणि मरतात.

हवा नेहमी वर जाते, म्हणून भरण्याचे तोंड ज्या बाजूला आहे ती बाजू उंच राहील अशा चढावर गाडी लावावी, हँडब्रेक ओढावा आणि चाकांना ठोकळे लावावेत. हीटर पूर्ण गरमवर ठेवावा, म्हणजे त्याची वाट उघडी राहील. द्रव अगदी सावकाश ओतावा, बारीक धारेने, आणि मधून मधून वरचा होज हाताने दाबून सोडावा. प्रत्येक दाबाबरोबर बुडबुडे येतात आणि पातळी बोटभर खाली जाते. थंड इंजिनातच रिड्यूसरचा वरचा होज किंचित सैल करून त्यातून हवा निघून द्रवाची अखंड धार येऊ लागेपर्यंत थांबावे आणि मग क्लिप आवळावी. त्यानंतर झाकण न लावता पेट्रोलवर इंजिन सुरू करावे, आयडलवर ठेवावे आणि पातळी उतरेल तसे भरत राहावे. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते. तेव्हाच पुन्हा भरून झाकण लावावे. पंखा दोनदा लागून दोनदा बंद होईपर्यंत इंजिन चालू द्यावे. हीटरमधून गरम हवा येते आहे, खालचा होज गरम झाला आहे आणि रिड्यूसरही गरम लागतो आहे, या तिन्ही गोष्टी हाताने तपासल्यावर इंजिन बंद करावे. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर झाकण उघडून पातळी पुन्हा पाहावी. बहुतेक वेळा एखादा कप द्रव आणखी लागतोच.

एवढे सगळे करूनही तापत असेल

मग दोष कूलिंगच्या बाहेर आहे. चारही चाके उचलून हाताने फिरवावीत, कारण धरून राहिलेला ब्रेक इंजिनावर कायमचा भार टाकतो. क्लच सरकत असेल, इग्निशन मागे पडले असेल, सीएनजीचे ट्युनिंग गरजेपेक्षा हलके केले असेल, सायलेन्सर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून बुजला असेल किंवा इंजिन ऑइल कमी असेल, तरी गाडी तापते. गॅसवर तापते आणि पेट्रोलवर तापत नाही, असे आढळले तर किटचे ट्युनिंग करणाऱ्याकडेच जावे.

कुंभार्लीच्या त्या फेरीनंतर मी गाडीला नवे झाकण लावले, नवा थर्मोस्टॅट बसवला, पंख्याची जोडणी पूर्ववत करून घेतली आणि घरासमोरच्या चढावर दोन तास हवा काढत बसलो. पुढच्या मे महिन्यात तोच घाट, तेच सहा जण आणि टपावर आंब्याच्या चार पेट्या घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये चढलो. काटा मध्यावर होता, पंखा दोनदा लागून बंद झाला आणि माथ्यावर थांबून सीट उचलली तेव्हा रिड्यूसर हात ठेवता येणार नाही इतका गरम होता.